पाठीवरचा ६३७: पाच डॉलरची जुनी नोट ‘म्यूल’ आहे की नाही, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्हाला पाच डॉलरचं एक सिल्व्हर सर्टिफिकेट, म्हणजे चांदीच्या हमीवर काढलेली अमेरिकेची जुनी नोट, विकत मिळतंय. शिक्का निळा, मालिका १९३४-सी. मागच्या बाजूला उजवीकडे खाली बारीक आकड्यांत ६३७ छापलंय. विक्रेता म्हणतो, ‘ही म्यूल आहे, छापखान्याची चूक आहे, फार दुर्मीळ आहे,’ आणि साध्या १९३४-सी नोटेच्या कितीतरी पट पैसे मागतो. तुम्ही विचारलंत, ‘हे खरं आहे का, आणि मी कसं तपासू?’

विक्रेत्याच्या त्या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे आहेत. पहिला, ही म्यूल आहे. दुसरा, ही चूक आहे. तिसरा, ही दुर्मीळ आहे. तुमच्या वर्णनावरून पहिला दावा बहुधा खरा ठरेल. दुसरा चुकीचाच आहे. तिसरा कशाकशावर अवलंबून आहे ते खाली सांगतो. गेली बावीस-तेवीस वर्षं मी अमेरिकेच्या लहान आकाराच्या नोटा गोळा करतोय. सुरुवातीच्या काळात हे तीन दावे वेगळे न करता मी खिसा बराच हलका करून घेतला आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

म्यूल म्हणजे खेचर. शब्द नाण्यांच्या संग्रहातून आला. एकमेकांसाठी न बनवलेले दोन साचे जोडून पाडलेल्या नाण्याला तिथे म्यूल म्हणतात. नोटांमध्ये अर्थ थोडा अरुंद झाला. नोटेची दर्शनी बाजू एका प्लेटवरून छापतात आणि मागची बाजू दुसऱ्या. प्रत्येक प्लेटला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो नोटेवर बारीक अक्षरांत उमटतो. जानेवारी १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी नोट-छापखान्याने, म्हणजे ब्यूरो ऑफ एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंगने, हे प्लेट क्रमांक मोठे करायला घेतले. आधीच्या आकड्यांची उंची साधारण ०.६ मिलिमीटर होती, नव्यांची साधारण १ मिलिमीटर. संग्राहक पहिल्यांना मायक्रो आणि दुसऱ्यांना मॅक्रो म्हणतात. एका बाजूला मायक्रो आणि दुसऱ्या बाजूला मॅक्रो असलेली नोट म्हणजे म्यूल.

यात चूक का नाही, ते समजायला छापखान्याचं काम कसं चालायचं ते डोळ्यांसमोर आणा. आधी मागची बाजू छापायची, ताव वाळू द्यायचे, मग त्यांवर दर्शनी बाजू, आणि शेवटी शिक्का व अनुक्रमांक. तेव्हाच्या सपाट छापयंत्रावर एका वेळी चार प्लेटा लावलेल्या असत, आणि एका प्लेटवर बारा नोटा. कोरून तयार केलेली प्लेट महाग, त्यामुळे ती झिजेपर्यंत वापरायची. आकडे मोठे करायचं ठरलं म्हणून कोणी चांगल्या चालत्या प्लेटा भंगारात टाकल्या नाहीत. नव्या प्लेटा तयार होत गेल्या तशा यंत्रावर चढल्या आणि जुन्या झिजल्या तशा उतरल्या. मधल्या काळात दोन्ही शेजारी शेजारी चालल्या. कुठल्या पाठीवर कुठला चेहरा छापला जातोय याची छापखान्याला फिकीर असण्याचं कारणच नव्हतं, दोन्ही बाजू नियमाप्रमाणेच होत्या. चुका वेगळ्या. उलटा छापलेला शिक्का ही चूक, एक बाजू कोरी राहिलेली नोट ही चूक. म्यूल हा साठा संपवण्याच्या काटकसरीतून निघालेला प्रकार आहे. जो विक्रेता त्याला चूक म्हणतो, त्याला एकतर विषय माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसावा अशी त्याची इच्छा आहे.

हा आकडे मोठे करण्याचा बदल मालिकांच्या नावांतही दिसतो. अमेरिकेच्या नोटांवर मालिकेच्या वर्षापुढचं अक्षर सहसा सही बदलली की बदलतं. पण १९३४ आणि १९३४-ए या दोन्हींवर सह्या त्याच, कोषाधिकारी ज्युलियन आणि अर्थमंत्री मॉर्गेनथाऊ यांच्या. एक डॉलरच्या १९३५ आणि १९३५-ए वरही त्याच. मग ‘ए’ का लागला? दर्शनी बाजूचा प्लेट क्रमांक मोठा झाला म्हणून. दोन डॉलरच्या लाल शिक्क्याच्या नोटेत हीच गोष्ट १९२८-सी आणि १९२८-डी यांच्यात झाली. दर्शनी बाजू मायक्रो की मॅक्रो, हे मालिकेच्या नावातच सांगून टाकलं आहे. मागच्या बाजूवर मालिका छापलेली नसते, तिथे आकडाच पाहावा लागतो.

आता तुमच्या नोटेकडे येऊ.

१९३४-सी म्हणजे ज्युलियन आणि स्नायडर यांच्या सह्या. जॉन स्नायडर अर्थमंत्री झाले १९४६ मध्ये. म्हणजे त्यांची सही असलेली दर्शनी प्लेट १९४६ च्या आधीची असूच शकत नाही, आणि तोवर मॅक्रो आकडे सुरू होऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हा तुमच्या नोटेची दर्शनी बाजू मॅक्रो आहे, हे न पाहताही सांगता येतं. प्रश्न उरतो फक्त पाठीचा. पाच डॉलरच्या पाठीच्या प्लेटांमध्ये ९३८ पर्यंतच्या क्रमांकांच्या मायक्रो आणि ९३९ पासून पुढच्या मॅक्रो, ही पहिली चाळणी. (एक डॉलरला हीच सीमा ९२९ आणि ९३० च्या मध्ये आहे.) ६३७ अर्थातच मायक्रोच्या बाजूला पडतो.

इथे एक शंका यायला हवी, आणि तुम्हाला ती आली नसली तरी चांगल्या संग्राहकाला येते. ६३७ क्रमांकाची प्लेट तीसच्या दशकातली. ती १९४६ नंतरच्या चेहऱ्याच्या मागे कशी आली? एव्हाना ती झिजून जायला हवी होती. उत्तर असं की या प्लेटचं काम तीसच्या दशकात सुरू झालं, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे तिला लहान आकड्यांत क्रमांक मिळाला, पण ती छपाईला न चढवता बाजूला ठेवली गेली. १९४४ मध्ये ती पुरी केली आणि १९४५ ते १९४९ या काळात वापरली. तिच्या पिढीतल्या मायक्रो प्लेटा केव्हाच संपल्या होत्या, आणि ही म्हातारी नव्या चेहऱ्यांच्या मागे आपला बारीक आकडा उमटवत राहिली. म्हणून ६३७ हा क्रमांक या छंदात इतका बोलला जातो. १९३४-ए, १९३४-बी आणि १९३४-सी या तिन्हींच्या मागे तो सापडतो. शिवाय पाच डॉलरची पाठ सिल्व्हर सर्टिफिकेट, युनायटेड स्टेट्स नोट आणि फेडरल रिझर्व्ह नोट या तिन्ही प्रकारांना एकच होती, त्यामुळे तो निळ्या, लाल आणि हिरव्या अशा तिन्ही शिक्क्यांच्या नोटांवर मिळतो.

म्हणजे तुमच्या नोटेवर ६३७ असणं कालक्रमाला धरून आहे. १९३४-सी च्या मागे समजा ५०२ दिसला असता, तर मी आधी माझ्या डोळ्यांवर, मग भिंगावर आणि मग विक्रेत्यावर संशय घेतला असता.

आता तपासणी. बहुतेक लोक इथे फसतात, कारण ते आकडा वाचतात, मोजत नाहीत. क्रमांक काय आहे याच्याइतकंच तो केवढा आहे हे महत्त्वाचं. कारण सांगतो. १६३७ मधला १ शाई कमी लागल्यामुळे किंवा घडीवर आल्यामुळे गेला, की उरतो ६३७. वापरून मऊ झालेल्या नोटेवर हे सहज होतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक १९३४-सी आली होती. विकणाऱ्याने मोठ्या अक्षरांत ६३७ लिहून ठेवलं होतं. भिंगाखाली धरली तर ६ च्या डावीकडचा कागद किंचित खरबरीत, तंतू उभे राहिलेले. कोणीतरी १ खरवडला होता. मुद्दाम की कोणाच्या हातून झालं, माहीत नाही. पण उरलेले तीन आकडे मॅक्रोच होते. खरवडून आकडा काढता येतो, उरलेले आकडे लहान करता येत नाहीत. एवढं लक्षात ठेवलंत तर या प्लेटच्या बाबतीतली निम्मी फसवणूक टळेल.

आणि मोजायला वेगळी पट्टीही लागत नाही, ती तुमच्या नोटेवरच छापलेली आहे. तुमच्या नोटेचा चेहरा मॅक्रो आहे हे आपण सह्यांवरून ठरवलं. दर्शनी बाजूच्या उजव्या खालच्या भागात एक अक्षर आणि त्याच्यापुढे बारीक आकडा दिसेल. अक्षर ए ते एल यांपैकी असेल, ते बारा नोटांच्या तावातली जागा सांगतं. त्याच्यापुढचा आकडा हा दर्शनी प्लेटचा क्रमांक. नवखे लोक कधी अनुक्रमांकाचा शेवट, कधी नुसतं ते अक्षर यालाच प्लेट क्रमांक समजतात. अनुक्रमांक ठळक निळा असतो, प्लेट क्रमांक नोटेच्या मूळ काळ्या शाईत असतो. डावीकडे वर तेच अक्षर पुन्हा एकटंच असतं, त्याचा इथे उपयोग नाही. पाठीवर नुसता आकडा असतो, अक्षर नाही.

आता समोरचे आकडे आणि पाठीवरचे आकडे यांची उंची एकमेकांशी ताडून पाहा. दोन्ही सारखे वाटले तर म्यूल नाही. पाठीवरचे उघड उघड बुटके, समोरच्यांच्या निम्म्याहून थोडे जास्त इतकेच उंच, तर म्यूल. एकदा पाहिलं की फरक विसरता येत नाही. ज्यांनी कधीच पाहिला नाही त्यांना मात्र ‘बारीक’ शब्द फसवतो, कारण मॅक्रो आकडेही एक मिलिमीटरचेच आहेत, नुसत्या डोळ्यांना तेही बारीकच वाटतात. तुम्ही लिहिलंत ‘आकडा बारीक दिसतो’, त्यावरून मी काहीच ठरवू शकत नाही.

हातात नोट नसेल आणि फोटोवरच भागवायचं असेल तर अडचण वाढते. विक्रेते दोन्ही बाजूंचे फोटो वेगवेगळे काढतात, एक जवळून, एक लांबून, आणि मग दोन्ही एकाच रुंदीचे करून टाकतात. अशा फोटोत उंची ताडणं म्हणजे दोन वेगळ्या आरशांत पाहून दोन माणसांची उंची ठरवणं. दोन्ही बाजू त्याच स्कॅनरवर, त्याच रिझोल्यूशनला मागवा. १२०० डीपीआयला मायक्रो आकडा साधारण २८ पिक्सेल उंच येतो आणि मॅक्रो साधारण ४७. इतका फरक कोणालाही दिसतो. ३०० डीपीआयला तोच हिशेब ७ आणि १२ पिक्सेलवर येतो, आणि तिथे एखादा पिक्सेल इकडेतिकडे झाला की वाद सुरू. मोजमाप अगदी ०.६ किंवा अगदी १ येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. तेव्हा कागद ओला करून छापत आणि वाळताना तो आकसायचा, सगळे ताव सारखे आकसत नसत. वापरलेल्या नोटेत शाईची कडही झिजलेली असते. आपल्याला नेमका आकडा नको आहे, दोन गटांतला कोणता एवढंच हवं आहे, आणि त्या दोन गटांमध्ये पुरेशी मोकळी जागा आहे.

भिंग दहापट मोठं करणारं पुरे. वीसपट घेतलंत तर उंची दिसायच्या ऐवजी कागदाचे तंतूच मोजत बसाल.

राहिला दुर्मीळपणाचा प्रश्न. ‘म्यूल म्हणजे दुर्मीळ’ हे समीकरण मोडून टाका. म्यूल दोन दिशांनी होऊ शकते: जुना मायक्रो चेहरा आणि नवी मॅक्रो पाठ, किंवा नवा मॅक्रो चेहरा आणि जुनी मायक्रो पाठ. संक्रमणाच्या काळात या दोन्ही दिशा सारख्या चालल्या नाहीत. दोन डॉलरचं उदाहरण सगळ्यांत स्पष्ट आहे. १९२८-डी चा चेहरा आणि मायक्रो पाठ ही जोडी शोधली तर मिळते. १९२८-सी चा चेहरा आणि मॅक्रो पाठ ही जोडी खरोखर दुर्मीळ आहे. एक डॉलरमध्येही १९३५-ए ची म्यूल काही मोठी गोष्ट नाही, १९३५ ची म्यूल तिच्यापेक्षा अवघड. कारण तर्काने सुचण्यासारखं आहे. १९३५ ची म्यूल व्हायची तर जुना चेहरा उतरायच्या आत नवी पाठ तयार होऊन, छापून, वाळून त्याच्यापर्यंत पोचायला हवी. उलट दिशेला जुन्या पाठींचा साठा आधीच पडून होता, नवा चेहरा आला की त्याच्याखाली तो आपोआप जात राहिला.

याशिवाय नोट कोणत्या अवस्थेत आहे, अनुक्रमांकाची अक्षरं कोणती आहेत, आणि ती स्टार नोट आहे का, यांवर सगळं फिरतं. खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेल्या नोटेला स्टार असतो, सिल्व्हर सर्टिफिकेटवर तो अनुक्रमांकाच्या सुरुवातीला येतो. साधी म्यूल सहज मिळते पण तीच स्टार असेल तर वर्षानुवर्षं दिसत नाही, असे प्रकार आहेत. फेडरल रिझर्व्ह नोटांत आणखी, नोट काढणाऱ्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा जिल्हा मोजावा लागतो. एखाद्या जिल्ह्याची म्यूल ढिगाने असते, दुसऱ्याची जवळजवळ नसतेच.

तुमच्या १९३४-सी आणि ६३७ या जोडीबद्दल माझं मत: कुतूहलाची, गोष्ट असलेली, संग्रहात असावी अशी नोट. पण ती प्लेट काही वर्षं चालली आणि त्यातली बरीच वर्षं १९३४-सी च्या काळातली होती, त्यामुळे तिघींपैकी ही काही सगळ्यांत अवघड नाही. १९३४-बी च्या मागे ६३७ असती तर मी जास्त सरसावून बसलो असतो. १९३४-बी वर सही असलेले विन्सन अर्थमंत्रिपदावर जेमतेम वर्षभर होते, त्यामुळे त्यांच्या सहीची मालिका मुळातच आखूड आहे.

श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेच्या पाकिटावर म्यूल लिहिलेलं नाही म्हणून ती म्यूल नाही असं समजू नका, आणि लिहिलंय म्हणून तपासणं सोडू नका. माझ्या संग्रहातल्या दोन म्यूल अशा पाकिटांतून आल्या ज्यांवर त्याचा उल्लेखही नव्हता. विकणाऱ्याने पाठ पाहिलीच नव्हती.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंत की एक डॉलरच्या १९३५-डी नोटांवर पाठीची रचना कधी रुंद तर कधी अरुंद असते, तीही म्यूल का? नाही. तिथे पाठीचं डिझाइनच बदललं, आकड्याच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. तसंच नव्वदच्या दशकात वेब यंत्रावर, म्हणजे सुट्या तावांऐवजी कागदाच्या सलग गुंडाळीवर छापणाऱ्या यंत्रावर, छापलेल्या एक डॉलरच्या नोटा. मालिका १९८८-ए, १९९३ आणि १९९५. त्यांच्या दर्शनी बाजूवर तावातली जागा सांगणारं अक्षर नसतं, हीच त्यांची ओळख. वेगळ्या यंत्राच्या नोटा, म्यूल नव्हेत. प्लेट क्रमांक वाचायची सवय लागली की या दोन्ही गोष्टी वाटेत सापडतात, त्याचा आनंद वेगळा. पण पाकिटावर चुकीचं नाव लिहू नका.

एवढं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही नेमकं काय करावं? विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे १२०० डीपीआयचे स्कॅन मागा, किंवा शक्य असेल तर नोट भिंगाखाली पाहा. पाठीवरच्या ६ च्या डावीकडचा कागद आधी तपासा: गुळगुळीत आहे ना, पुसट उभी रेघ नाही ना. मग समोरच्या आणि मागच्या आकड्यांची उंची. दोन्ही तपासण्यांत उतरली तर म्यूल नक्की. त्यानंतर त्याच अवस्थेतली साधी १९३४-सी कितीला मिळते ते पाहा आणि त्याच्यावर थोडे जास्त द्या. कितीतरी पट नाही. नोट घडी पडलेली, मऊ असेल तर ते ‘थोडे जास्त’ही आखूड ठेवा, कारण ही जोडी चांगल्या अवस्थेतही मिळते आणि तुम्ही थांबू शकता.

स्कॅन द्यायला तो टाळाटाळ करू लागला आणि ‘चूक आहे, पुन्हा मिळणार नाही’ हेच ऐकवत राहिला, तर मी ती सोडून दिली असती.